पाकोळीच्या घरट्याचं सूप

पोटात मूल असताना मला फोडणीचा वास सहन होईनासा झाला. तेल तापलं आणि मोहरी पडली की मी असेन तिथून बाथरूमकडे धावायची. सगळ्या जणी सांगायच्या, तिसरा महिना संपला की थांबतं. माझा तिसरा संपला, चौथाही संपला, पण थांबलं नाही.

आम्ही तेव्हा जर्मनीत झिंडेलफिंगेनला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. नवरा गाड्यांच्या कारखान्यात सस्पेन्शनवर काम करायचा आणि मी एका लहान कंपनीत सीटबेल्टच्या चाचण्यांचं काम बघायची. ऑक्टोबरात एकदा कँटीनमध्ये तळलेल्या कांद्याचा वास आला आणि मी जिन्यातच बसकण मारली. एका सहकाऱ्याने घरी आणून सोडलं. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी क्रांकश्राइबुंग दिलं, म्हणजे आजारपणाची रजा. गोळ्या दिल्या, एकदा हॉस्पिटलात सलाइनही लावलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मराठी घरात फोडणीवाचून काय शिजतं? आणि बाहेरचं खावं तर चीजचा वास, लोण्याचा वास, बेकरीतल्या यीस्टचा वास. कोरडा टोस्ट, काकडी आणि सफरचंद यांवर माझे दिवस चालले होते. भातालाही वास असतो हे मला त्या वर्षी कळलं.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई बाळंतपणाला मार्चमध्ये यायच्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्यांना आधी निघणं शक्य नव्हतं. शेवटी नवऱ्याने मला न विचारता कोल्हापूरला फोन लावला, माझ्या वडिलांना. अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. एकटेच राहायचे. फोनवर त्यांनी फारसं काही विचारलं नाही. "येतो," म्हणाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते स्टुटगार्टच्या विमानतळावर उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला, गुडघ्याच्या खाली जाणारा कोट होता.

मुलीच्या अशा दिवसांत बाप येतो हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. अप्पांनाही त्याचा संकोच होता. माझ्याशी बोलताना ते माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघायचे. पोटाकडे चुकूनही नजर जाऊ द्यायचे नाहीत. तब्येतीची चौकशी ते नवऱ्याकडे करायचे, मी त्याच खोलीत असले तरी. "जावईबापू, काल रात्री काय पोटात राहिलं का?" नवरा माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायची, आणि तो त्यांना उत्तर द्यायचा.

येताना ते आत्याकडून सगळं शिकून आले होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मुगाचं कढण, सगळं आत्याने तोंडी पढवलेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कढण करायला घेतलं. मी आतल्या खोलीत दार लावून, खिडकी सताड उघडी ठेवून बसले होते. तुपात जिरं पडल्याचं मला तरीही कळलं. मी बाहेर आले तेव्हा अप्पा गॅस बंद करून ओट्यापाशी उभे होते आणि एका हाताने पातेल्यावर झाकण दाबून धरत होते, जणू आतून काही बाहेर उडेल. ते कढण त्यांनी आणि नवऱ्याने बाल्कनीत, थंडीत उभं राहून संपवलं. पुढे आठवडाभर अप्पांनी घरात काही शिजवलंच नाही. दोघं ब्रेडला जॅम लावून खायचे आणि मला सांगायचे, आम्हाला हेच आवडतं.

मग ते रिकामे बसायला लागले. सायकलची चेन साफ झाली, बाथरूमच्या दाराची बिजागरी नीट झाली, तळघरातल्या सामानाची मांडामांड झाली. त्यांना खरं काम मिळालं ते केअरवोखेमुळे. आमच्या भागात जिना झाडायची पाळी असते. त्या पाळीची पाटी या दारावरून त्या दारावर फिरते आणि जिच्या दारावर पाटी, तिने आठवडाभर जिना स्वच्छ ठेवायचा. पाटीवर काय लिहिलंय म्हणून अप्पांनी विचारलं. मी केअरवोखे म्हणून वाचून दाखवलं. "केर म्हणजे आपलाच शब्द की," असं म्हणून ते झाडू घेऊन बाहेर पडले. आमची पाळी संपली तरी त्यांनी जिना सोडला नाही.

जिन्यातच त्यांची समोरच्या आजींशी गाठ पडली. समोरच्या दारात मलेशियाची एक चिनी बाई राहायची, पेनांगची. नवरा जर्मन, ती स्वतः सॉफ्टवेअरमध्ये. आमचं जाता येता हॅलो व्हायचं, त्यापुढे काही नाही. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून तिची आई आली होती. सत्तरीची बुटकी बाई, केस पांढरे आणि कानापर्यंत कापलेले. अप्पांना मराठी आणि मोडकं हिंदी येत होतं. आजींना त्यांची चिनी बोली आणि मलय. तरी जिन्यावर दोघांचं काहीतरी चालायचं. अप्पा येऊन सांगायचे, त्या कपाटाला अलमारीच म्हणतात. पोळीला रोटी म्हणतात. बापाला बापा म्हणतात. त्या मला बापाच म्हणायला लागल्यात.

आजींनी मला उलटी होताना ऐकलं होतं. त्या घराच्या भिंती पातळ होत्या. एक दिवस दुपारी दार वाजलं. आजी दारात होत्या, हातात झाकण असलेली पांढरी वाटी, आणि मागे त्यांची मुलगी अंगावर शाल घेऊन. ती इंग्रजीत म्हणाली की आईचं ऐकून आलेय, तुला नको असेल तर सरळ नाही म्हण, मला अजिबात वाईट वाटणार नाही. मग तिने वाटीत काय आहे ते नीट समजावून सांगितलं. त्यांच्याकडे एक लहान काळा पक्षी असतो. तो आपल्या लाळेने घरटं बांधतो. ते घरटं भिजवून, साफ करून, खडीसाखर घालून वाफेवर शिजवतात. पोटुशीला आवर्जून देतात, बाळ चांगलं होतं म्हणतात. माझं म्हणशील तर मला ते लहानपणापासून आवडत नाही, ती म्हणाली. आई माझ्यासाठी इतकं घेऊन आली आणि मी खात नाही, म्हणून ती गिऱ्हाईक शोधतेय.

नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली आणि मला मराठीत म्हणाला, "थुंकी? तू कोरडा टोस्ट पोटात ठेवू शकत नाहीस, आणि हे?"

अप्पांना काही कळलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं. मला वाटलं तेही तोंड वाकडं करतील. ते वाटीजवळ आले, झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाले, "पाकोळी. ही पाकोळीची घरटी."

नोकरीची बरीच वर्षं त्यांनी वेंगुर्ले डेपोत काढली होती. माझा जन्म तिथलाच. तिथे समुद्रात काही अंतरावर खडक आहेत आणि त्यांच्या कपारींत पाकोळ्यांची घरटी असतात, हे त्यांना कोळ्यांकडून ठाऊक होतं. काही लोक होड्या घेऊन जायचे आणि ती चोरून काढायचे. त्यांना बाहेरदेशी भाव मिळतो असं ऐकू यायचं, पण घेऊन जाऊन त्यांचं करतात काय हे डेपोत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं औषध, कुणी म्हणायचं डिंक. मग जंगलखात्याने ते बंद पाडलं. एवढं सांगून अप्पा मला म्हणाले, "तिला विचार, पिल्लं उडून गेल्यावर काढतात का आत पिल्लं असताना."

मी विचारलं. मुलीने आईला विचारलं. आजींनी अप्पांकडे बघून बराच वेळ उत्तर दिलं आणि मुलगी ते तुकड्या-तुकड्याने सांगत गेली. ही घरटी त्यांच्या भावाच्या घरातली आहेत. गावात त्याने वरचे मजले पक्ष्यांसाठी रिकामे ठेवलेत, अंधारे, दमट, भिंतीत भोकं ठेवून. पक्षी संध्याकाळी आपापले येतात. पिल्लं उडाली की मगच तो घरटी उतरवतो, नाहीतर पक्षी परत येत नाहीत. बाकीचे लोक काय करतात ते मी सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. काही जण तसं करत असतील. माझा भाऊ करत नाही.

"मग खा," अप्पा म्हणाले. त्यांनी ते माझ्या तोंडाकडे बघून म्हटलं. आल्यापासून पहिल्यांदा.

मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी असलं काही कधी ऐकलं नव्हतं. अंड्याची ॲलर्जी आहे का, पूर्ण शिजवलेलं आहे का, एवढं त्यांनी विचारलं, आणि मग म्हणाल्या, दोन चमचे घेऊन बघा आणि उद्यापर्यंत थांबा. मी दोन चमचे घेतले. चव अशी काही नव्हती. कोमट गोड पाणी, त्यात शेवयांच्या चुऱ्यासारखं काहीतरी मऊ, दाताखाली जेमतेम जाणवणारं. बोरासारखं एक सुकं लाल फळ होतं, त्याचा किंचित स्वाद. वास मात्र नव्हता. मी वाटी नाकाशी धरून मुद्दाम हुंगली. कसलाच वास आला नाही, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांत वास नसलेली गरम गोष्ट माझ्यासमोर कुणी ठेवली नव्हती.

ते दोन चमचे पोटात राहिले. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी राहिली. आजी रोज दुपारी यायच्या, मी खाईपर्यंत समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि वाटी रिकामी झाली की घेऊन जायच्या. निघताना नेहमी एकच शब्द विचारायच्या, "रासा?" म्हणजे चव कशी आहे. अप्पांना पहिल्या दिवशी तो रस्सा वाटला. कोल्हापूरच्या माणसाला दुसरं काय वाटणार. "रस्सा एक नंबर," त्यांनी माझ्या वतीने सांगून टाकलं, आणि आजींना तो शब्द एवढा पसंत पडला की नंतर त्याही मला "रस्सा?" विचारायला लागल्या.

सुपानंतर तासाभराने मला थोडी भूक लागायला लागली. भूक ही गोष्ट मी विसरलेच होते. आधी उकडलेला बटाटा, मग साधी पेज, मग दही. फोडणी नाहीच, पण पेज पोटात राहिली ही मोठी गोष्ट होती. महिनाअखेरच्या तपासणीत वजन थोडं वाढलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ लहान आहे, पण वाढतंय.

डिसेंबर उजाडला तशी आजींची जायची वेळ झाली. अप्पांसारखाच त्यांचाही तीन महिन्यांचा व्हिसा. जायच्या आधी त्यांनी पिशवीतून उरलेली घरटी आणून आमच्या टेबलावर ठेवली आणि अप्पांना खुणेने खुर्चीवर बसवलं. मला वाटलं होतं त्या मला शिकवतील किंवा नवऱ्याला. त्यांनी बापाला निवडलं. मुलगी मध्ये बसून भाषांतर करत होती, पण तिची फारशी गरज पडली नाही.

कोरडं घरटं मी तेव्हाच पहिल्यांदा हातात घेतलं. फिक्या पिवळसर रंगाचं, अर्ध्या करवंटीच्या आकाराचं, कडक आणि इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटत नव्हतं. जागोजाग बारीक काळी पिसं चिकटलेली. ते थंड पाण्यात टाकायचं आणि फुगून मऊ होईपर्यंत तसंच ठेवायचं. मग धागे बोटांनी मोकळे करायचे, पांढऱ्या बशीत पसरायचे आणि चिमट्याने एकेक पीस काढायचं. मग बारीक गाळणीत धुवायचं. झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात घालून ते भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं आणि मंद आचेवर वाफवायचं. खडीसाखर शेवटी. आधी घातली तर सगळं विरघळून जातं, असं आजींनी साखरेचा खडा हातात धरून, मान जोरजोरात हलवून सांगितलं.

अप्पांच्या हातांबद्दल सांगायला हवं. गिअरबॉक्स उतरवणारे हात होते ते. बोटं जाड, नखांच्या कडा कायमच्या काळ्या पडलेल्या, उजव्या अंगठ्याचं पेर पान्याखाली सापडून वाकडं झालेलं. त्या बोटांत चिमटा दिसायचाच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पिसाबरोबर निम्मे धागेही उपटले. आजींनी त्यांच्या मनगटावर हळूच चापट मारली आणि चिमटा उलटा करून कसा धरायचा ते दाखवलं. अप्पा हसले. आई गेल्यापासून त्यांच्या हातावर कुणी अशी चापट मारली नसेल.

आजी गेल्या त्या सकाळी अप्पा त्यांची बॅग खालपर्यंत घेऊन गेले. परत येऊन त्यांनी घरटं भिजत घातलं.

पहिलं एकट्याने केलेलं सूप वाया गेलं. पातेल्यातलं पाणी आटलं, भांड्याला तडा गेला आणि खालून करपल्याचा वास आला. मी झोपले होते. उठले तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, घर बर्फासारखं गार आणि अप्पा अंगात तो लांब कोट घालून बसलेले. "एक नासलं," ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या अप्पा. संध्याकाळी बघते तर ते समोरच्या दारात उभे होते. समोरचीने आईला व्हिडिओ कॉल लावून दिला होता आणि अप्पा फोनच्या पडद्याला तडकलेलं भांडं दाखवत होते. पलीकडून आजी हसत होत्या. पाण्यात एक जुनी बशी टाकून ठेव, ती खडखडत राहते, खडखड थांबली की समज पाणी आटलं, असा उपाय त्यांनी सांगितला. समोरचीने आपलं दुसरं भांडं देऊन टाकलं. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरातून दुपारभर बारीक खडखड ऐकू यायची आणि अप्पा त्या आवाजाकडे इंजिन ऐकावं तसा कान लावून बसायचे.

घरटी साफ करायला मीही बसायला लागले. खिडकीपाशी टेबल ओढून घ्यायचं. बाहेर चार वाजताच अंधारून यायचं, म्हणून दुपारचं जेवण झालं की लगेच सुरुवात. दोघांच्या मध्ये दिवा आणि बशी. अप्पांची बोटं आता वळली होती. ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे, श्वास रोखायचे, पीस काढायचे, वाटीच्या कडेला पुसायचे आणि मग श्वास सोडायचे. ओल्या घरट्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा हलका वास यायचा. तो मला चालायचा. शिजल्यावर तोही जायचा.

अशा वेळी अप्पा बोलायचे. हातात काम असलं आणि माणसाकडे बघायचं नसलं की त्यांना बोलणं सोपं जायचं. बहुतेक डेपोतल्या गोष्टी, घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या. एक दिवस मी सहज विचारलं, आईला माझ्या वेळी असं काही झालं होतं का. आईबद्दल आम्ही दोघं फारसं बोलत नसू.

त्यांनी एक पीस काढलं, पुसलं. मग म्हणाले, "तिला डिझेलचा वास चालायचा नाही."

मी बशी दिव्याखाली सरकवली.

"मी आलो की ती मागच्या दारी जायची. पहिल्यांदा मला कळलं नाही, वाटलं रागावलीय. मग ती रडायला लागली. म्हणाली, तुमचा वास सहन होत नाही, मी काय करू." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "मग मी डेपोतच आंघोळ करायला लागलो. ड्युटी सुटली की नळाखाली बसायचं, दगडाने घासायचं, धुतलेले कपडे घालायचे आणि मगच घरी. डेपोतले हसायचे, नवरदेव निघाला म्हणायचे. तरी वास जायचा नाही बाळ. तो कातड्यात मुरलेला. मग मी ओटीवर जेवायचो, ओटीवरच झोपायचो. तू होईपर्यंत."

"आणि आई काय खायची?"

"पेज. शेजारची बाई आणून द्यायची. मला कुठं येत होतं करायला." मग म्हणाले, "मला काहीच येत नव्हतं. मी नुसता ओटीवर बसायचो."

पोटात बाळाने लाथ मारली आणि मी नकळत हात पोटावर ठेवला. अप्पांनी बघितलं. या वेळी त्यांनी नजर बाजूला नेली नाही. "हलतंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली, चिमटा उचलला आणि पुढचं पीस शोधायला लागले. मीही शोधायला लागले, पण मला बशीतलं काही दिसत नव्हतं. आपण ज्याला आयुष्यभर अबोल म्हणत आलो तो माणूस कित्येक महिने ओटीवर झोपला होता, कारण आत आपण होतो. हे मला तिसाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या पक्ष्याच्या घरट्यातली पिसं काढताना कळलं. आपल्या गावी असते, आई असती, बायका असत्या, तर अप्पा माझ्यासमोर असे बसलेच नसते. त्या आजारपणाबद्दल मला पहिल्यांदा थोडी कृतज्ञता वाटली.

जानेवारीच्या शेवटी अप्पांचा व्हिसा संपला. बाळंतपण मार्चमध्ये, त्यामुळे त्यांना थांबता येणार नव्हतं. जायच्या आधी त्यांनी नवऱ्याला टेबलाशी बसवलं. ज्याला थुंकी म्हणून शिसारी आली होती त्याला त्यांनी चिमटा कसा धरायचा ते शिकवलं, आणि एकदा मनगटावर चापटही मारली. विमानतळावर आत जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता आपलं आपण खा," म्हणाले, आणि वळून सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिले.

शेवटची काही घरटी नवऱ्याने केली. त्याला ते काम आवडायला लागलं होतं, फक्त सूप कधी चाखून बघितलं नाही. फेब्रुवारीत माझी फोडणीची शिसारी आपोआप कमी झाली. सासूबाई आल्या तेव्हा मी जिऱ्याची फोडणी घातलेलं वरण बिनतक्रार खात होते. त्यांनी घरात पाय ठेवल्यापासून सगळं आपल्या हाती घेतलं आणि अप्पांनी न बांधलेले डिंकाचे लाडू बांधले.

मुलगी झाली. थोडी लहान, पण ठणठणीत. घरी रोज यायच्या त्या हेबामे, म्हणजे इथल्या सुईणबाई, तिला तराजूत ठेवून दरवेळी समाधानाने मान हलवायच्या. मी त्यांना सुपाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, सुपाने झालं की गोळ्यांनी की नुसतं दिवस गेल्याने, हे कुणी सांगू शकणार नाही. ते खरंच होतं. मला आजही सांगता येत नाही, आणि मी कुणा गर्भार बाईला ते खा म्हणून सांगायलाही जात नाही. एवढंच माहीत आहे की मला खाता येत नव्हतं तेव्हा एका परक्या बाईने आपल्या लेकीसाठी आणलेलं मला दिलं, आणि माझ्या बापाने ते रांधलं.

अप्पांनी नात आधी फोनवरच बघितली. पडदा डोळ्यांच्या इतका जवळ धरला की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

पुढच्या शरद ऋतूत समोरच्या आजी परत आल्या. मी समोरचीकडून मलयमध्ये आभार कसे मानायचे ते शिकून घेतलं होतं, चार वाक्यं पाठ केली होती. मुलीला स्वच्छ झबलं घालून, पैठणीच्या कापडाची एक पिशवी भेट म्हणून घेऊन मी त्यांचं दार वाजवलं. आजींनी दार उघडलं आणि माझ्या हातातून मुलगी घेतली. मी पहिलं वाक्य सुरू केलं. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही. त्या मुलीच्या पायाचे तळवे दाबून बघत होत्या, हनुवटीखाली बोट घालून मान वर करत होत्या, तिच्या तोंडात काय आहे ते बघत होत्या. मी दुसरं वाक्य म्हटलं. मग त्या आपल्या लेकीला काहीतरी म्हणाल्या आणि समोरची हसायला लागली.

"आई म्हणतेय, भाषण नंतर कर," ती म्हणाली. "मुलीला भूक लागलीय."

मी आत जाऊन त्यांच्या सोफ्यावर बसले आणि तिला पाजायला घेतलं. आजी नेहमीसारख्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि तिचं पोट भरेपर्यंत हलल्या नाहीत.